हिरवा चिमटा, पिवळा चिमटा, लाल चिमटा

एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. स्केटिंग, अबॅकस, हस्ताक्षर सुधार, किल्ल्यावर मुक्काम. नंतर नंतर मी त्या उघडूनसुद्धा बघायचे नाही, कारण फोन केला की पलीकडून विचारतात मुलगा कितवीत आहे, आणि तिथून पुढे काय सांगायचं ते मला कळायचंच नाही. पडला होता, डोक्याला लागलं होतं, आता तसा बराय पण... त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. एका ठिकाणी घेतलं होतं त्याला, दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता फोन आला, ताई हा बाकीच्या मुलांना त्रास देतोय, तुम्ही येऊन घेऊन जा. गेले आणि घेऊन आले. रिक्षात तो मला विचारत होता, आई संपलं का शिबिर?

या वर्षी मात्र तो शिबिराला गेला. पूर्ण सहा दिवस. त्याबद्दल लिहायचंय, कारण मे महिन्यात कुणाच्या तरी घरी असंच एक लेकरू गॅलरीत बसलेलं असेल आणि त्याच्या आईला हे वाचायला मिळालं तर बरं होईल.

ज्यांना आमचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझं सासर येवल्याचं. येवल्याची संक्रांत बघितली नसेल तर सांगून कळणार नाही, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, प्रत्येकाच्या हातात आसारी, म्हणजे मांजाची चक्री, खाली हलकडीचा ताल वाजत असतो, आणि पतंग कटला की पाच गच्च्यांवरून एकदम ओरडा. करीच्या दिवशी संध्याकाळी माझा मुलगा कटलेला पतंग धरायला वर बघत बघत मागे सरकत गेला. शेजारच्या गच्चीला त्या बाजूनी कठडा नव्हता. आठ वर्षांचा होता.

नाशिकला आणलं तेव्हा डॉक्टर आपसात 'सात, सात' म्हणत होते. तो आकडा ग्लासगो कोमा स्केलचा होता हे मला नंतर कळलं. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का यावर ३ ते १५ मधे मार्क देतात आणि ८ किंवा त्याच्या खाली म्हणजे गंभीर. मेंदूला सूज होती म्हणून उजव्या बाजूच्या कवटीचा तुकडा काढला आणि तो पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला, नंतर परत बसवायला. अडीच महिने माझं मूल कपाळाचं हाड पोटात घेऊन फिरत होतं. त्या दिवसांत त्याला आंघोळ घालताना मी त्या जागेवर साबणाचा हात लावायचे नाही, नुसतं पाणी सोडायचे.

मग हाड बसवलं, केस आले, टाके झाकले गेले. डावा हात थोडा कमजोर राहिला, मूठ मिटलेली असते आणि अंगठा आत. चालतो, बोलतो, जेवतो. लोक म्हणाले देवाची कृपा, पोरगं वाचलं. कृपा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण हे दुखणं दिसत नाही ना, तिथेच सगळी पंचाईत आहे. प्लॅस्टर असतं तर वर्गातल्या मुलांनी त्याच्यावर सह्या केल्या असत्या. कपाळामागचा जो भाग असतो, फ्रंटल लोब, त्याच्याकडे थांबायचं कधी, बोलायचं काय, सुरुवात कुठून करायची असली सगळी कामं असतात आणि माझ्या मुलाचा नेमका तोच दुखावलाय. त्यामुळे मनात आलं की तोंडात येतं. पाहुण्यांना तोंडावर 'तुम्ही कधी जाणार' विचारतो. दप्तर भर म्हटलं की दप्तरासमोर बसून राहतो, आळस नाही तो, पहिलं पुस्तक कुठलं उचलायचं तेच त्याला सुरू करता येत नाही. एकच गोष्ट तासात चार वेळा सांगतो. आणि थकतो. किती थकतो ते सांगायला मला शब्द मिळत नाहीत, कुकरची शिट्टी, पंखा, टीव्ही आणि आजीचं बोलणं हे सगळं एकदम झालं की अर्ध्या तासात चेहरा पांढरा पडतो आणि मग रडणं, आदळआपट. बघणाऱ्याला वाटतं लाडावलंय. वर फिट येऊ नये म्हणून जी गोळी चालू आहे, लेव्हेटिरासिटाम, तिच्यानी पण काही मुलं चिडचिडी होतात.

आणि हे वय वाढेल तसं कमीच होईल असंही नाही, हे मला उशिरा कळलं. मेंदूचा हा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणजे आठव्या वर्षी झालेल्या दुखापतीचा हिशोब बाराव्या, पंधराव्या वर्षीसुद्धा निघू शकतो, जेव्हा शाळा स्वतःचं स्वतः करायला सांगते तेव्हा.

सर्टिफिकेटसाठी गेलो तिथे पण तेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूची दुखापत असा वेगळा प्रकार त्या यादीत नाही. हाताचं मोजलं, ते ४० टक्क्यांच्या खाली भरलं, विषय संपला. माझी एक मावसबहीण अमेरिकेत शाळेत शिकवते, ती सांगत होती की तिकडच्या शिक्षणाच्या कायद्यात १९९० पासून ही दुखापत वेगळी लिहिलेली आहे, त्यामुळे शाळेला निदान नाव तरी माहीत असतं. आमच्या शाळेत मी तीन वर्षांत दर जूनमधे नव्या बाईंना पहिल्यापासून सांगते.

असो. शिबिराकडे येते.

त्याच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या ताईंनी मार्चमधे विचारलं, आम्ही पाच-सहा जणी मिळून सहा दिवस काहीतरी करतोय, फक्त मेंदूला दुखापत झालेल्या मुलांसाठी, पाठवाल का. गंगापूर धरणाच्या बाजूला कुणाचा तरी मळा, दोन खोल्या, एक पडवी, एक मोठं चिंचेचं झाड. सकाळी साडेसात ते साडेबारा. चौदा मुलं आणि जवळजवळ तेवढेच मोठे, फिजिओच्या कॉलेजची मुलंमुली सुट्टीत आली होती.

त्यांनी एक फॉर्म पाठवला. औषधं, वेळा, फिट आली तर काय, कशाला घाबरतो, हे सगळं मी डोळे मिटून भरलं. शेवटी प्रश्न होता, मुलाला काय आवडतं? मी लिहिलं पतंग, क्रिकेट, चित्रं काढणं, गणपतीत ढोल. ताईंनी फॉर्म वाचला आणि मला फोन केला, एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हे आत्ताचं आहे का आधीचं?" मी गप्प. पतंग बघितला तरी तो आत निघून जातो. ढोल वाजला की कानावर उशी घेतो. तीन वर्षं झाली तरी मी माझ्या मुलाला काय आवडतं म्हणून आठ वर्षांच्या मुलाची यादी देत होते. "राहू दे रिकामं," ताई म्हणाल्या, "आपण शिबिरात बघू."

पहिल्या दिवशी गेटवर प्रत्येक मुलाच्या शर्टाला तीन चिमटे लावले, आपले कपडे वाळत घालायचे असतात ते प्लॅस्टिकचे. हिरवा, पिवळा, लाल. तिन्ही आत खिशाच्या पट्टीला, आणि जो खरा असेल तो बाहेर कॉलरला. हिरवा म्हणजे चाललंय. पिवळा म्हणजे डोकं भरत आलंय. लाल म्हणजे मला आत्ता कुणी काही बोलू नका. बोलून सांगायची गरज नाही, चिमटा बदलायचा आणि शांत खोलीत जायचं. ती खोली म्हणजे मळ्याचं गोदाम, त्यांनी झाडून घेतलेलं, खिडकीला जाड चादर, खाली गोधड्या, एक माठ, आणि पंखा मुद्दाम बंद. आत बोलायचं नाही, मोठ्यांनी पण नाही. पहिल्या दिवशी माझा मुलगा पाच तासांतला दीड तास त्या खोलीत होता आणि मला वाटलं संपलं, परत तेच. तर एक मुलगा, फिजिओच्या तिसऱ्या वर्षाला असेल, मला येऊन आनंदानी सांगतोय की काकू आज त्यानी स्वतःहून दोनदा चिमटा बदलला! तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ही पण शिकायची गोष्ट आहे. आपण थकलोय हे आदळआपट व्हायच्या आधी ओळखणं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हौसेनी ब्लूटूथ स्पीकर आणला, मुलांना नाचायला गाणं लावलं, आवाज मोठा. दोन मिनिटांत तीन मुलं कान दाबून खाली बसली आणि एक छोटी मुलगी फाटकाकडे पळत सुटली. ताईंनी स्पीकर बंद केला, सगळ्यांना चिंचेखाली बसवलं आणि मुलांसमोर सांगितलं, आमची चूक झाली, आम्ही विचारायला हवं होतं. मग ज्यांना हवं होतं त्यांनी लांब विहिरीपाशी जाऊन नाच केला. चुका सगळीकडे होतात, पण मुलांना कुणी 'चूक झाली' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

खेळ पण तसेच बेतलेले. एका वेळी एकच सूचना. 'चपला काढा, हात धुवा आणि रांगेत बसा' असं नाही, चपला काढा, झाल्या? मग हात. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी वही, तिच्यात त्या दिवशीचे फोटो चिकटवलेले, म्हणजे सकाळी काय केलं हे विसरलं तरी वही उघडून बघता येतं. पळायच्या खेळात हेल्मेट, कारण त्या डोक्याला परत मार बसून चालणारच नाही. ऊन चढायच्या आत बाहेरचं सगळं बंद, त्यात दोन मुलं टोपिरामेट घेणारी होती, त्या गोळीनी घाम कमी येतो आणि अंग तापतं, त्यामुळे त्यांच्या मानेवर दर थोड्या वेळानी ओला पंचा. हे असलं कोण कुठल्या शिबिरात बघतं सांगा मला.

आम्ही आईबाप लांब, गोठ्याच्या बाजूला सतरंजीवर. पहिले दोन दिवस सगळे फोनमधे डोकं घालून. मग हळूहळू बोलायला लागलो. अर्ध्याच्या वर मुलं बाइकच्या ॲक्सिडेंटची होती. पुढे टाकीवर बसवलेली, मागे दोघांच्या मधे बसवलेली, हेल्मेट फक्त बाबांना. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, २०१९ पासून कायद्यात स्पष्ट आहे, आणि त्याहून लहान मुलांसाठी पट्टा, लहान हेल्मेट आणि ४० च्या आतला वेग असा २०२२ साली नियम निघालाय, पण आजही शाळेच्या गेटवर उभं राहून बघा. सिन्नरकडचे एक बाबा होते, स्वतःच गाडी चालवत होते त्या दिवशी. ते सहा दिवसांत मोजून दहा वाक्यं बोलले असतील. पण रोज सगळ्या मुलांच्या बाटल्या माठातून भरून ठेवायचे, कुणी सांगितलेलं नसताना. दोन मुलं मेंदूज्वराची होती, एक जण शेततळ्यात बुडता बुडता वाचलेला. आणि प्रत्येकाच्या बोलण्यात पाचव्या वाक्याला 'आधी' यायचं. आधी पहिला नंबर यायचा. आधी किती गोड बोलायची. आधी असा नव्हता हो. मी पण तेच.

तिसऱ्या दिवशी एका मुलीला फिट आली. मोठी मुलगी, तेराची असेल. मी लांबून बघत होते आणि माझे हातपाय गार. आमच्याकडे पहिल्यांदा आली होती तेव्हा कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी तोंडात चमचा घालायला निघालं. यातलं काहीच करायचं नसतं. तिथे त्यांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी दिली, आजूबाजूच्या खुर्च्या सरकवल्या आणि एकीनी घड्याळ बघायला सुरुवात केली. नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे काढून हातात तयार, पाच मिनिटांच्या वर गेली तर मारायला, गाडी गेटला लावलेली. दोन मिनिटांत थांबली. ती झोपली. दुसऱ्या एका दादानी बाकीच्या मुलांना पाठमोरं बसवून सांगितलं की तिच्या मेंदूत वीज जरा जास्त झाली होती, आता कमी झाली, ती थकलीये म्हणून झोपेल. आणि माझा मुलगा म्हणाला, "मला पण होतं असं." शेजारचा म्हणाला, मला पण. मग अजून एक, मला पण. घरी हा शब्द काढला तरी तो खोलीतून उठून जायचा.

आता कुरडयांचं सांगते, खरं तर ते सांगायलाच लिहायला बसले.

मळ्यावर एक मावशी होत्या, मुलांचा नाश्ता त्या करायच्या. मे महिना, त्यांचं स्वतःचं वाळवण पण चालू होतं. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून ठेवलेला, आणि पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी तो शिजवायला घेतला. आम्ही पोचलो तेव्हा पातेल्यात तो रटरटत होता आणि सगळ्या मळ्याला तो वास, ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना माहितीये तो वास. माझा मुलगा गेटवरून सरळ तिकडे गेला. ठरलेलं वेगळं होतं, त्याचं त्या वेळी मऊ माती दाबायचं काम होतं, डाव्या हातासाठी. ताई त्याला बोलवायला निघाल्या आणि मग थांबल्या.

मावशींना त्याचं काही माहीत नव्हतं. त्यांनी बशीत गरम चीक दिला, वर दूध आणि साखर. त्यानी खाल्ला. परत मागितला. मग त्यांनी सोऱ्या भरला, गरम होता म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि म्हणाल्या, "धर रे इथं, दोन हातानी धर, मी दांडा फिरवते." त्यानी उजवा लावला. "अरे दुसरा कुठाय तुझा?" इतक्या सहज. मी तीन वर्षं 'बेटा डावा हात, डावा हात' करत्येय आणि माझ्या आवाजात जी काळजी असते ती त्याला लांबून ऐकू येते, तो हात मागेच नेतो. त्यानी डावा हात आणला, मूठ मिटलेली. मूठ नुसती सोऱ्याला टेकवली. मावशींनी दांडा फिरवला तसा सोऱ्या पण त्याच्या हातात फिरायला लागला, सुटणार, आणि तेव्हा ती मूठ उघडली. एकदम नाही. आधी करंगळी, मग बाकीची बोटं, आणि सगळ्यात शेवटी तो आत दडलेला अंगठा बाहेर आला आणि फडक्यावर घट्ट बसला. खाली प्लॅस्टिकच्या कागदावर पांढरी शेव पडत होती, वेडीवाकडी, गोल होईचना. तो जीभ बाहेर काढून बघत होता. नऊ कुरडया घातल्या त्यानी. दहाव्याला कॉलरवरचा चिमटा बघितला, हिरवा काढला, पिवळा लावला, आणि मावशींना म्हणाला, "मी येतो परत." आणि वीस मिनिटांनी खरंच परत आला!

मी गोठ्यापाशी उभी राहून रडले, सिन्नरच्या दादांनी मला पाण्याची बाटली आणून दिली आणि काही न बोलता परत गेले.

मावशींनी त्याच्याकडून काम करून घेतलं, त्यांना तो आधी कसा होता ते माहीतच नव्हतं आणि विचारायचं पण नव्हतं. मी, त्याचे बाबा, आजी, शेजारचे, आम्ही सगळे तीन वर्षं त्याच्यात दुसराच मुलगा शोधत होतो, आणि त्याला ते कळत होतं. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर मी भांडले असते.

शेवटच्या दिवशी ताईंनी तो फॉर्म परत दिला आणि तो रिकामा प्रश्न त्यालाच विचारला. मी लिहून घेतलं. चीक. गोठ्यातलं वासरू. अंधाराची खोली. पाईपनी झाडांना पाणी घालणं. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की यातलं एकही मला माहीत नव्हतं.

घरी आता फ्रीजवर चिमटे आहेत, त्याचे पण आणि आमचे पण. ह्याचे बाबा ऑफिसमधून आले की कधीकधी लाल लावून बसतात आणि तो त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून गुपचूप आत जातो. शाळा सुरू झाल्यावर नव्या बाईंना चिमट्यांचं सांगितलंय, त्या हो म्हणाल्यात, बघू. पुढच्या वर्षी आठ दिवसांचं करायचं म्हणतायत ताई, मी मोठ्यांच्या यादीत नाव दिलंय. तुमच्या गावात कुणाला करायचं असेल तर सावली, एक अंधारी खोली आणि मुलामागे एक शांत माणूस एवढ्यावर सुरुवात होते, बाकी फिटची तयारी मात्र डॉक्टरांना विचारून चोख हवी.

जूनमधे दोन दिवस येवल्याला गेलो. मावशींनी त्याच्या नऊ कुरडया वेगळ्या पिशवीत बांधून दिल्या होत्या. आजींनी कढई ठेवली. तेल तापेपर्यंत तो शेजारी पाटावर बसला आणि म्हणाला, "आजी, ह्या मी केल्यात." आजी म्हणाल्या, "हो का रे!" पहिली कुरडई तेलात टाकली, ती फुलून वर आली, तो म्हणाला, "आजी, ह्या मी केल्यात." याआधी अशा वेळी आजी हमखास म्हणायच्या, आत्ताच सांगितलंस ना बाळा, आणि त्याचा चेहरा पडायचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी झारा हातात तसाच धरला, त्याच्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखं म्हणाल्या, "काय सांगतोस? तू केल्यास? कशा रे केल्यास, सांग बरं."

आणि तो पहिल्यापासून सांगायला लागला.